जर्मनीच्या खेड्यात घर मांडताना: कोल्हापूरकरांसाठी

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून राजारामपुरीतल्या माझ्या जर्मनच्या वर्गाला नर्सिंग झालेल्या मुली, वायरमन, वेल्डर, हॉटेलात काम केलेली पोरं येऊ लागली. सगळ्यांच्या डोक्यात बर्लिन नाहीतर म्युनिक. प्रत्यक्षात बोलावणं येतं ते दोन-तीन हजार वस्तीच्या गावातून, कारण वृद्धाश्रम, लहान कारखाने, गावाकडची हॉटेलं यांनाच माणसं मिळत नाहीत. भुदरगड, राधानगरीकडची मुलं तर हे ऐकून हिरमुसतात. एका खेड्यातून उठून दुसऱ्या खेड्यातच जायचं होतं, तर एवढं व्याकरण कशाला घोकलं, असा चेहरा करतात.

माझं मत उलटं आहे. मी त्याच राज्यातल्या श्वेबिशे आल्बच्या डोंगरात काही वर्षं काढली, ती खेड्यातच. भाडं कमी, आणि महिनाभरात बेकरीवाली तुम्हाला ओळखते. ज्याला गावात राहायची सवय आहे त्याचं तिथं शहरवाल्यापेक्षा लवकर जमतं. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी कागद, मग कचरा, मग माणसं. आणि हे सगळं मार्गी लागलं की समुद्र.

कोल्हापूर सोडण्याआधी

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शिक्षणाची आणि अनुभवाची प्रमाणपत्रं यांचे अधिकृत जर्मन अनुवाद करून मूळ कागदांसोबत हँडबॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नको. गाडी चालवता येत असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

आता खाण्याचं. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, आईने कढवलेलं तूप, सगळं विमानतळावर कचऱ्यात. ताजा कढीपत्ताही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. कांदा-लसूण चटणी मात्र चालते, गूळ चालतो. चटणी डंकावर कुटून आणली की दोन पिशव्यांत घालून सील करा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. तूप तिथं लोणी कढवून घरी होतं. पांढऱ्या रश्शाला नारळाच्या दुधाचा डबा सुपरमार्केटात मिळतो. मटणासाठी गावच्या खाटकाला आठवडाभर आधी सांगून ठेवायचं, नाहीतर जवळच्या शहरातलं तुर्की दुकान गाठायचं.

घर: भाड्याआधी स्वयंपाकघर विचारा

जर्मनीत भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. खोली असते, नळाचं आणि विजेचं तोंड भिंतीतून बाहेर आलेलं असतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं जुना भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. म्हणून घर बघतानाच विचारा, किचन आहे का, आणि जाणारा भाडेकरू ते विकणार आहे का. दुसरा प्रश्न भाड्याचा. ‘थंड भाडं’ म्हणजे नुसत्या जागेचं आणि ‘गरम भाडं’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. जाहिरातीत ठळक अक्षरात असतं ते थंड. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. मागायला लाजू नका.

घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या राटहाउसमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी जे असतं तिथं, पत्त्याची नोंदणी करायची. याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेलं पत्र लागतं. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना येतो. तो गंमत म्हणून भरू नका: तिथं कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिणाऱ्याच्या पगारातून चर्चचा कर कापला जातो, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या आठ टक्के. आपल्या लोकांनी ‘नाही’ लिहायचं.

नोंदणी झाली की मग बाकीची रांग लागते: बँक, आरोग्यविमा, तालुक्याच्या मोठ्या कार्यालयात राहण्याचा परवाना. कराचा क्रमांक पोस्टाने येतो. इथंच एक साधी गोष्ट अडते. पत्रपेटीवर आणि घंटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. फ्लॅट नंबर वगैरे तिथं नसतो. पत्ता म्हणजे आडनाव. किल्ली मिळाली त्या दिवशीच चिठ्ठी लावा, आणि बायकोचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लावा.

काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. महिना १८.३६ युरो, दर घरामागे, टीव्ही असो वा नसो. फसवणूक समजून फाडू नका. मात्र एकाच घरात तिघं मित्र राहत असाल तर एकानेच भरायचं असतं, हे त्यांना कळवावं लागतं.

कचरा, केर आणि रविवार

गावात तुमची परीक्षा इथं होते. कचऱ्याचं वेळापत्रक राटहाउसमधून मिळतं. ते फ्रिजवर लावा. ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक आणि डबे पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात, उरलेलं राखाडी किंवा काळ्या डब्यात. काचेच्या बाटल्या गावातल्या मोठ्या पेट्यांत रंगाप्रमाणे टाकायच्या, पांढरी, तपकिरी, हिरवी. आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदा वापरायच्या बाटल्या आणि कॅन यांवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या मशीनमध्ये परत घातल्या की पावती येते, ती बिलात वळती होते.

श्वाबियात, म्हणजे श्वेबिशे आल्बच्या त्या मुलखात, याच्या जोडीला केरवोख असते. चाळीवजा इमारतीत दर आठवड्याला एका घराची झाडण्याची पाळी. पाळी आली की दाराच्या कडीला एक पाटी येऊन लटकते. जिना, तळघराचा बोळ, दारासमोरचा फूटपाथ झाडून-पुसून घ्यायचा, शक्यतो शनिवारी, आणि मग पाटी शेजारच्याच्या दाराला अडकवायची. जिना आधीच स्वच्छ आहे, मग कशाला, असं मनात आलं तरी झाडू घेऊन बाहेर या. तुम्ही झाडताना दिसणं हा त्यातला निम्मा भाग आहे. थंडीत हीच जबाबदारी बर्फाची होते. बहुतेक गावांत सकाळी सातच्या सुमाराला फूटपाथ मोकळा लागतो. करारात ते काम कुणाकडे आहे ते वाचून घ्या, कारण कुणी घसरून पडलं तर भरपाईचा प्रश्न येतो.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध संपलं असेल तर सोमवारपर्यंत कोरा चहा. बेकरी तेवढी सकाळी थोडा वेळ उघडते. रविवारी गवत कापायचं मशीन चालवायचं नाही, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. रात्री दहानंतर मोठा आवाज नाही. आपल्याकडे गणपतीत मध्यरात्रीपर्यंत घुमणाऱ्या साउंड सिस्टिमवर वाढलेल्यांना हे पहिले काही आठवडे जड जातं. नंतर इकडे आल्यावर कान दुखतात, ते वेगळं.

थंडीतली अजून एक सवय. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही. दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं सताड उघडायची आणि पुन्हा बंद. आपल्या फोडण्या, कुकरच्या शिट्या, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतीत मुरली की काळी बुरशी धरते आणि अनामत रकमेतून पैसे कापले जातात.

दूध, अंडी, रस्त्याकडेची फळं

गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांना हे आवडेल. खेड्यातल्या काही गोठ्यांबाहेर लाकडी टपरीत दुधाचं यंत्र असतं. काचेची बाटली खाली ठेवायची, नाणं टाकायचं, बटण दाबायचं. थंड दूध फेस न येता नळीतून उतरतं आणि मागे भिंतीपलीकडे गाई रवंथ करताना ऐकू येतात. यंत्रावर पाटी असते: कच्चं दूध, उकळून प्या. तिथले लोक ती वाचतात आणि घोटभर तसंच पितात, तुम्ही उकळा. साय धरते, दही लागतं. म्हशीच्या दुधाची सर नाही, पण पाकिटातल्या दुधापेक्षा कितीतरी बरं.

शेताच्या कडेला अंडी, बटाटे, लाल भोपळे मांडलेले दिसतील, शेजारी पत्र्याची गल्ल्याची पेटी आणि दरपत्रक. माणूस कुणीच नाही. पैसे टाकायचे, माल घ्यायचा. सुटे नेहमी खिशात ठेवा. रस्त्याकडेची सफरचंदं मात्र कुणाच्या तरी मालकीची असतात. ज्या झाडाला पिवळी फीत बांधली आहे त्याची फळं कुणीही तोडावीत असा रिवाज बऱ्याच भागांत पडला आहे. फीत नसेल तर हात लावू नका. उन्हाळ्यात गुडघाभर वाढलेल्या गवतातून आडवी वाट पाडू नका. ते गवत म्हणजे जनावरांची बेगमी, आणि शेतकरी ट्रॅक्टर थांबवून तसं सांगतोच.

बस आणि गाडी

बस येते, पण शाळेच्या वेळेला. दुपारनंतर विरळ, रविवारी बहुधा नाहीच. काही भागांत फोन करून मागवायची बस किंवा टॅक्सी असते. डॉइचलांडटिकेट नावाचा देशभराचा मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो. तो बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, वेगवान आयसीईला चालत नाही.

भारतीय परवान्यावर नोंदणीनंतर सहा महिने गाडी चालवता येते. सोबत अनुवाद किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून तिसऱ्या महिन्यातच सुरुवात करा. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. खेड्यात सगळ्यात घातकी नियम एकच: जिथं पाटी किंवा सिग्नल नाही त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात आणि तो शेताच्या बोळातून येतोय असं वाटलं तरी. संभाजीनगर-कळंबा रस्त्यावर घडलेले हातपाय हे लवकर स्वीकारत नाहीत. प्रशिक्षकासोबत आधी काही तास घ्या.

आजारपणाचं थोडक्यात. जिवावरचं दुखणं किंवा आग लागली तर ११२. रात्री-अपरात्री ताप आला, दवाखाना बंद आहे, पण तसं काही गंभीर नाही, तर ११६११७. पोलीस ११०. आल्या आल्या गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. नवे पेशंट घेणारा सहज सापडत नाही.

माणसं: तालीम शोधा

कोल्हापुरात नवा माणूस पेठेत रुजतो तो तालमीतून. तिथं त्या जागी फेराइन असतात, म्हणजे नोंदणीकृत मंडळं. फुटबॉलचं, बँडचं, जिम्नॅस्टिक्सचं, गाण्याचं, डोंगर चढणाऱ्यांचं. वर्षाची थोडी वर्गणी. मोठी शहरं सोडली तर अग्निशमन दलसुद्धा गावकऱ्यांचंच: भोंगा वाजला की सुतार, शिक्षक, बेकरीवाला हातातलं काम टाकून पळतात. तिथं भरती व्हायला हरकत नाही, उलट आनंदाने घेतात. प्रशिक्षण फुकट, भाषा दुप्पट वेगाने येते, आणि गावातलं प्रत्येक घर कुठं आहे ते पाठ होतं.

फुटबॉल खेळणाऱ्यांनी तर विचारच करू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नाहीतर दिलबहारसाठी घसा बसवलेल्या पोराला रविवारी दुपारी गावच्या मैदानावर परकं वाटायचं कारण नाही. तिथंही खालच्या लीगच्या सामन्याला आजोबा कठड्याला टेकून पंचाला शिव्या घालतात. माझा कागलचा एक विद्यार्थी पहिल्या हंगामात नुसता चेंडू आणून द्यायला उभा राहायचा; हिवाळा संपता संपता त्याचं फर्निचर हलवायला अख्खा संघ आला. शाकाहारी असाल तर मैदानावरच्या ग्रिलपासून जपा, सॉसेज बहुधा डुकराचं असतं. केसश्पेत्सले मागा, चीज घातलेल्या ओल्या शेवयांसारखा प्रकार आहे, पोट भरतं.

रस्त्यात भेटेल त्याला ‘ग्र्युस गॉट’ म्हणायचं, ओळख असो नसो. शहरात कुणी म्हणत नाही, खेड्यात न म्हणणाऱ्याला नावं ठेवतात. राहायला आल्यावर शेजारच्या दोन-चार दारांवर स्वतः जाऊन घंटी वाजवा, नाव सांगा, गुळाची वडी द्या. वाट बघत बसलात तर तेही वाट बघत बसतील.

आता समुद्र

आपल्याला समुद्र म्हणजे शुक्रवारी रात्री ठरवायचा आणि शनिवारी पहाटे फोंडा किंवा गगनबावडा उतरून न्याहारीला मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपास मामला. बाडेन-व्युर्टेम्बर्गला समुद्र नाही. राज्याची राजधानी स्टुटगार्ट, तिथून उत्तरेतलं हांबुर्गच साडेसहाशे किलोमीटरच्या पुढेमागे, आणि तिथून किनारा अजून लांब. पहिल्या उन्हाळ्यात बोडनझे सरोवरावर भागवा. तिकडचे लोकही त्याला श्वाबियाचा समुद्र म्हणतात, आणि प्रादेशिक गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. खराच समुद्र हवा तर तो आठवडाभराचा बेत, आणि तो हिवाळ्यात ठरवायचा.

तारखा आधी. मुलं शाळेत असतील तर शाळा बुडवून सुट्टी चालत नाही. हजेरी सक्तीची आहे आणि दंड होऊ शकतो. गणपतीला गावी न्यायचं असेल तरी हाच नियम. बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी, बव्हेरियाच्या जोडीने, देशात सगळ्यात उशिरा, जुलैअखेर ते सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत. उत्तरेकडच्या शाळा तोवर बहुतेक वर्षी सुरू झालेल्या असतात, म्हणून सप्टेंबरचा पहिला आठवडा धरा. गर्दी कमी, भाडं कमी, पाणी त्यातल्या त्यात कोमट. कोमट म्हणजे १८ अंशांच्या आसपास. मालवणची आठवण काढू नका.

हॉटेलपेक्षा फेरिएनवोनुंग घ्या, म्हणजे स्वयंपाकघरासह सुट्टीचं घर. भर हंगामात ते शनिवार ते शनिवारच मिळतं. चादरी-टॉवेल आणायचे की भाड्याने घ्यायचे, शेवटच्या सफाईचे पैसे वेगळे आहेत का, हे बुकिंग करतानाच बघा. स्वस्त दिसणारं घर इथंच महाग पडतं. त्याशिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटन कर असतो. त्याचं कार्ड मिळतं, आणि काही ठिकाणी ते दाखवल्याशिवाय वाळूवर सोडत नाहीत. चटणीची बरणी सोबत न्या. बंदरावर ताजा मासा मिळतो, पण तिथं तो पावात कच्च्या कांद्याबरोबर खातात. तसाही खाऊन बघा, फक्त समुद्रपक्ष्यांकडे पाठ करू नका. ते मागून येतात आणि पावासकट नेतात.

किनारे दोन, आणि ते अगदी वेगळे. पूर्वेकडच्या बाल्टिकला भरती-ओहोटी नावापुरती. र्युगन, उसेडोम बेटं, उथळ पाणी, लहान मुलांना बरं. उसेडोमच्या वाळूत वादळानंतर अंबर, म्हणजे झाडाच्या डिंकाचा दगड झालेला पिवळसर खडा, सापडतो, आणि तसाच दिसणारा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरसही. तो ओला असतो तोवर गप्प असतो, वाळला की पेट घेतो. काही उचललंच तर खिशात नाही, पत्र्याच्या डब्यात.

पश्चिमेकडचा उत्तर समुद्र मला जास्त आवडतो. ब्युसुम, कुक्सहाफन, झांक्ट पेटर-ओर्डिंग. ओहोटीला पाणी काही किलोमीटर मागे हटतं आणि राखाडी चिखलाचं मैदान उघडं पडतं. त्याला जर्मनमध्ये ‘वाट’ म्हणतात, आणि २००९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. अनवाणी उतरा. सुरुवातीला पाय घोट्यापर्यंत गार चिखलात रुततो, मग लाटांनी काढलेल्या नक्षीची घट्ट वाळू लागते. जागोजागी शेवेची चकली पडावी तसे वाळूचे वेटोळे दिसतात, ती खालच्या किड्याची विष्ठा. कोल्हापुरी चपला घरीच ठेवा, खाऱ्या चिखलात कातडं कामातून जातं.

पण इथं कोकणातला अंदाज चालवायचा नाही. सपाटी एवढी की भरती समोरून लाट होऊन येत नाही. चिखलात खोल पन्हळी असतात, त्या आधी भरतात, आणि तुमच्या पाठीमागच्या भरतात. पुढे अजून कोरडं असतं आणि परतीची वाट कमरेएवढ्या वाहत्या पाण्याखाली गेलेली असते. त्यात धुकं आलं तर किनारा कुठल्या बाजूला तेही कळत नाही. म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक घ्या. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, काल चार वाजता होतं म्हणून आज नसतं. किनाऱ्याजवळ फिरणं ठीक, लांब जायचं तर वाटाड्याबरोबरच. कुक्सहाफनहून नॉयवेर्क बेटापर्यंत चिखलातून सुमारे दहा किलोमीटर चालत जाता येतं. तो अनुभव घ्याच, पण गटासोबत.

पोहताना झेंडे बघा. लाल-पिवळा म्हणजे जीवरक्षक हजर, पिवळा म्हणजे कच्च्या पोहणाऱ्याने उतरू नये, लाल म्हणजे कुणीच नाही. वाळूच्या टेकड्यांवर चढू नका, त्याच किनारा धरून ठेवतात. आखलेल्या पायवाटेनेच जा. बांधावर मेंढ्या चरत असतात, फाटक उघडलं तर मागे लावा. बसायला श्ट्रांडकोर्ब भाड्याने घ्या, वेताची झाकण असलेली दोघांची खुर्ची. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या बुरुडाने संधिवात असलेल्या एका बाईसाठी ती पहिल्यांदा विणली, तेव्हा एकाच माणसाची. खुर्चीची पाठ वाऱ्याकडे फिरवली की ऑगस्टमध्येही स्वेटर काढता येतो.

आई-वडील कोल्हापुरातून येणार असतील तर त्यांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. त्यांना जूनमध्ये बोलवा, रात्री दहापर्यंत उजेड असतो. कानटोपी आणि शाल उन्हाळा असला तरी हवीच. आणि किनाऱ्याचा नकाशा आदल्या दिवशी नीट बघून ठेवा: एफकेके लिहिलेल्या पट्ट्यात लोक कपड्यांशिवाय असतात, तिथलं कुणालाच त्याचं काही वाटत नाही, पण आईच्या समोर तुम्हाला वाटेल. पाटी लहान असते, त्यामुळे त्या पट्ट्याच्या अलीकडच्याच जिन्याने खाली उतरा.